हरिहरेश्वरची प्रदक्षिणा: तिथी पाहून चालायची वाट

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेची वाट सोपी आहे, असे मी कोणालाही निःशंकपणे सांगते. काळभैरवाच्या देवळामागच्या पायऱ्या चढायच्या, टेकडीच्या माथ्यावर घटकाभर दम खायचा, कातळातल्या घळीतून पायऱ्यांनी थेट समुद्रापर्यंत उतरायचे, डोंगर उजव्या हाताला ठेवून किनाऱ्याच्या खडकांवरून चालत राहायचे आणि शेवटी पुळणीवर येऊन पुन्हा देवळापाशी पोहोचायचे, एवढीच ती वाट आहे. तिला गिर्यारोहणाचा सराव लागत नाही, दोर लागत नाही, वाटाड्याही लागत नाही. माझ्या आईने अडुसष्टाव्या वर्षी ती थांबत थांबत दीड तासात पूर्ण केली. पण एवढे सांगून झाले की मी समोरच्याला लगेच विचारते, "जाणार कधी? त्या दिवशी तिथी कोणती?" हा प्रश्न ऐकून लोकांना वाटते की मी काही व्रतवैकल्याबद्दल बोलते आहे. मी बोलत असते ती भरती-ओहोटीबद्दल, कारण या वाटेचा समुद्राकडचा भाग दिवसातून दोनदा मोकळा होतो आणि दोनदा पाण्याच्या ताब्यात जातो, आणि त्यातली कोणती वेळ आपल्या वाट्याला येणार हे तिथीवर ठरते.

ज्यांनी हे ठिकाण पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यात, महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री नदी जिथे अरबी समुद्राला मिळते, त्या मुखाजवळ हे गाव आहे. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळा असे जाता येते आणि श्रीवर्धनहून समुद्राच्या कडेने येणारा रस्ताही आहे. हरिहरेश्वर, हर्षिणाचल, ब्रह्माद्री आणि पुष्पाद्री अशा चार टेकड्यांच्या आधाराने गाव वसलेले आहे. या स्थानाला दक्षिण काशी म्हणतात. आधी काळभैरवाचे दर्शन, मग हरिहरेश्वराचे आणि पुन्हा काळभैरवाचे, असा इथला क्रम आहे. पेशव्यांचे भट घराणे श्रीवर्धनचे. हरिहरेश्वर हे त्यांचे कुलदैवत, आणि आजही अनेक घराण्यांची माणसे कुलदैवताच्या दर्शनाला म्हणून इथे येतात. त्यांच्या जोडीला शनिवार-रविवारी किनाऱ्यासाठी येणारी गर्दी असते. बहुतेकांचा दिवस देऊळ, पुळण आणि जेवण यांत संपतो. प्रदक्षिणेला निघणारे कमी असतात आणि निघणाऱ्यांपैकी वेळ पाहून निघणारे त्याहून कमी असतात. मीही पहिल्या खेपेस वेळ न पाहताच निघाले होते.

ते मार्गशीर्षातले दिवस होते. आम्ही सहा जण होतो, त्यांत दोन मुले. पहाटे पुण्याहून निघून अकराच्या सुमारास देवळात पोहोचलो, दर्शन घेतले आणि ऊन चढण्यापूर्वी प्रदक्षिणा उरकावी म्हणून मागच्या पायऱ्यांकडे वळलो. पायऱ्यांच्या तोंडाशी नारळ आणि फुलांची टोपली घेऊन बसलेल्या एका वयस्कर काकांनी आम्हाला हाक मारली.

"ताई, वर जाऊन या खुशाल, पण खाली उतरू नका. आज पुनव आहे. पाणी अजून चढतंय."

आकाश निरभ्र होते, वारा नव्हता आणि आत येताना पुळणीवर मुले खेळताना दिसली होती. काकांचे बोलणे आम्ही ऐकले, पण मनावर घेतले असे म्हणता येणार नाही. वर जाऊन घळीच्या तोंडाशी उभे राहिलो तेव्हा मात्र सगळेच गप्प झालो. दोन्ही बाजूंना उभा कातळ आणि मधून खाली जाणाऱ्या अरुंद पायऱ्या. त्या पायऱ्या जिथे संपतात तिथे चालायला खडक असायला हवा होता, आणि तिथे फेसाळलेले पाणी होते. एक लाट आली, घळीच्या तळाशी आपटली, अरुंद जागेत दाबली गेल्यामुळे उंच उसळली आणि तिचा आवाज कातळातून आमच्या पायांपर्यंत आला. मुलांचे हात आम्ही आपोआप घट्ट धरले. पाच-सात मिनिटे तिथे उभे राहून आम्ही मागे फिरलो. खाली आल्यावर मी काकांजवळ जाऊन बसले आणि विचारले की पाणी केव्हा चढते आणि केव्हा उतरते, हे त्यांना घड्याळ न पाहता कसे कळते. त्यांनी जे सांगितले तो हिशेब कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे, सागरी किल्ले पाहत हिंडणाऱ्यांनाही तो माहीत असतो, आणि मला मात्र तो वयाच्या चाळिशीत कळला.

हिशेब असा आहे. शुद्ध किंवा वद्य, ज्या पक्षात आपण असू त्यातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती असते. दिवसाही आणि रात्रीही. तिच्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती आणि बारा वाजता ओहोटी. एकादशीला सव्वाआठच्या आसपास भरती, सव्वादोनच्या आसपास ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला, म्हणजे पंधरावी तिथी धरली तर, सव्वाअकरा; आम्ही घळीच्या तोंडाशी नेमके त्याच सुमारास उभे होतो. आकडा अगदी मिनिटाला उतरत नाही, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे एकदा पाहिले तरी दिवसाचा अंदाज बांधता येतो, ही त्याची मोठीच सोय आहे.

हा हिशेब जुळतो याचे कारण चंद्राच्या फिरण्यात आहे. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते तेवढ्या वेळात चंद्रही आपल्या कक्षेत थोडा पुढे सरकलेला असतो, त्यामुळे तो पुन्हा डोक्यावर यायला सुमारे 24 तास 50 मिनिटे लागतात. एवढ्या वेळात आपल्या किनाऱ्यावर दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, म्हणून भरतीची वेळ रोज पन्नासएक मिनिटांनी पुढे जाते. तिथीही चंद्रावरच मोजलेली असल्यामुळे दर तिथीला पाऊण तास हा ठोकताळा चांगला बसतो. भरतीची वेळ पंचांगात वेगळी लिहिलेली नसली, तरी ती त्यात असतेच. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात आणि दोघांची ओढ एकत्र लागते. तेव्हा पाणी जास्त चढते आणि जास्त उतरतेही. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास सूर्य आणि चंद्र काटकोनात असल्यामुळे पाण्याची चढउतार कमी राहते, तो भांग. खंबायतच्या आखाताकडून दक्षिणेकडे येताना भरती-ओहोटीतला फरक कमी कमी होत जातो, त्यामुळे मुंबईपेक्षा इथले पाणी थोडे कमी चढते. पण कातळाच्या पायथ्याने चालणाऱ्या माणसासाठी तो फरक काही दिलाशाचा नाही.

वाटेची वेळ ठरवताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, आणि माझ्या मते फसगत होते ती हिच्यामुळेच. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी एकसारख्या गतीने चढत नाही. चढणाऱ्या पाण्याचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात साधारण एक भाग चढतो, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात कडेला बसलेल्या माणसाला पाणी जागचे हललेसे वाटत नाही, तो निर्धास्त होतो, फोटो काढत पुढे जातो. आणि मग मधल्या दोन तासांत एकूण पाण्यापैकी निम्मे पाणी चढून येते. परतीची वाट अशा वेळी बंद होते. म्हणून पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी देवळापासून निघावे आणि ओहोटी संपून पाणी उलटायच्या सुमारास पुळणीवर पोहोचलेले असावे, असा नियम मी स्वतःपुरता केला आहे. ओहोटी चालू असताना खाली उतरले की पाणी आपल्यापासून दूर जात असते आणि एखाद्या ठिकाणी जास्त वेळ रमलो तरी वेळ हाताशी उरतो.

पौर्णिमेची ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला आणि संध्याकाळीही त्याच सुमारास असते. सूर्यास्त पाहायला मिळेल म्हणून ती संध्याकाळची वेळ मोहात पाडते, पण मी ती कोणाला सुचवत नाही. सूर्य बुडाल्यावर अंधार पटकन पडतो, ओला कातळ आणि कोरडा कातळ यांतला फरक दिसेनासा होतो आणि नेमके त्याच वेळी पाणी उलटलेले असते. सकाळची ओहोटी मिळणाऱ्या तिथी सर्वांत चांगल्या, म्हणजे तृतीया, चतुर्थी, पंचमी. पावसाळ्यात तर या वाटेचा समुद्राकडचा भाग कोणत्याही तिथीला करू नये. नैर्ऋत्य वाऱ्यांनी खवळलेल्या समुद्रापुढे पाऊणपटीचा हिशेब टिकत नाही. यांत्रिक बोटीसुद्धा त्या दिवसांत बंदरात ओढलेल्या असतात. आणि इतर ऋतूंतही निघण्यापूर्वी भरतीचे छापील किंवा अधिकृत वेळापत्रक पाहावे, तसेच हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने उंच लाटांचा इशारा दिलेला नाही ना, याची खात्री करावी. दूर दक्षिणेच्या महासागरात उठलेल्या वादळाच्या लाटा हजारो किलोमीटर चालत आपल्या किनाऱ्यावर येतात, आणि त्या येतात तेव्हा इथले आकाश स्वच्छ आणि वारा पडलेला असू शकतो.

दुसऱ्या खेपेस मी आईला घेऊन गेले ती संकष्टीच्या दिवशी, माघ वद्य चतुर्थीला. आईचा उपास होता आणि माझा हिशेब तयार होता: तीनला भरती, नऊला ओहोटी, साडेसातला निघायचे. आदल्या रात्री गावात मुक्काम केला. सकाळी नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून देवळाकडे जाताना हवेत गारवा होता. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे आणि या पट्ट्यातल्या वाड्या तिच्यावर उभ्या आहेत. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले तेव्हा या वाड्यांची फार हानी झाली. मोठ्या माडांच्या रांगेत मध्येच मोकळे आकाश आणि खाली गुडघाभर उंचीची नवी रोपे दिसली की आई थांबून पाहत होती. एका पोफळीला फळावर यायला किती वर्षे लागतात, हे तिला माहेरच्या वाडीमुळे चांगले ठाऊक आहे.

काळभैरवाचे आणि हरिहरेश्वराचे दर्शन घेऊन आम्ही पायऱ्या चढायला लागलो. चढ थोडा आहे, पण सलग आहे. आईने मध्ये दोनदा दम घेतला. माथ्यावर पोहोचल्यावर वाऱ्याची दिशा बदलल्याचे जाणवले. रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सकाळी अजून मंदपणे चालू होता आणि त्यामुळे समुद्राचा पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत दिसत होता. दक्षिणेला सावित्रीचे रुंद मुख आणि त्यापलीकडे रत्नागिरी जिल्ह्याचा किनारा होता. सागरी कासवांच्या संवर्धनासाठी ओळखले जाणारे वेळास गाव तिकडेच आहे. वर एक मोठा पांढऱ्या पोटाचा पक्षी पंख न हलवता तरंगत होता. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड तो. कोकणात त्याला काकण म्हणतात. आई बराच वेळ मान वर करून उभी राहिली. मला घड्याळ दिसत होते, पण मी घाई केली नाही, कारण निघतानाच वेळेत सैलपणा ठेवला होता.

मग ती घळ. पहिल्या वेळी जिथून मागे फिरलो होतो त्या जागी आता खालपर्यंत पायऱ्या दिसत होत्या आणि पायऱ्यांच्या शेवटी काळा, ओला, रुंद कातळ पसरलेला होता. पाणी कितीतरी लांब गेले होते. घळीत उतरताना दोन्ही हात पसरले की भिंतींना टेकतील असे वाटते. आत ऊन पोहोचत नाही आणि वरच्या वाऱ्याचा आवाज थांबून खालच्या लाटांचा आवाज वाढत जातो. पायऱ्या उंच आहेत, त्यामुळे इथे आईने एक हात भिंतीवर आणि एक माझ्या खांद्यावर ठेवून एकेक पायरी घेतली. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना चढापेक्षा हा उतार जड जातो. संपूर्ण वाटेत जपून चालावे असा जमिनीवरचा भाग हाच आहे.

खाली उतरल्यावर जे दिसते त्यासाठी मी या वाटेवर पुन्हा पुन्हा येईन. आपण उभे असतो तो सपाट कातळ म्हणजे एके काळच्या डोंगराचा पाया आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या उद्रेकांतून साचलेला हा दख्खनचा अग्निजन्य खडक. लाटा कड्याच्या पायथ्याशी आपटत राहतात, पायथा आतून पोखरला जातो, वरचा भाग अधांतरी राहून कधीतरी कोसळतो, पडलेले दगड लाटांनी फुटून वाहून जातात आणि कडा थोडा मागे सरकतो. असे युगानुयुगे चालले की मागे सरकलेल्या कड्यापुढे एक जवळपास सपाट ओटा उरतो. शाळेच्या भूगोलात त्याला तरंगघर्षित मंच म्हणतात. मला हा शब्द परीक्षेत लिहिल्याचे आठवते, पण तो मंच पायाखाली येईपर्यंत त्याचा अर्थ मला कळला नव्हता. कड्याच्या तळाशी आत गेलेली खाच, तिच्या वर पुढे झुकलेला खडक, बाजूला पडलेले घराएवढे धोंडे आणि त्यांपलीकडे लाटांनी घासून सपाट केलेली जमीन, या कामाच्या सगळ्या पायऱ्या इथे एका नजरेत दिसतात.

कड्याच्या भिंतीवर, नेहमीच्या भरतीच्या पाण्याच्या थोडे वर, खडकाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी पडलेली आहे. मी अगदी जवळ जाऊन पाहिले. अंगठा जाईल एवढी भोके, काही मूठभर मोठी, आणि त्यांच्यामध्ये उरलेल्या भिंती काही ठिकाणी पोळीच्या पापुद्र्यासारख्या पातळ. एका भोकात बोट फिरवले तर बोटाला खरखरीत भुकटी लागली आणि ती जिभेला लावून पाहिली तेव्हा खारट लागली. ही जाळी कोरली ती लाटांच्या माराने नव्हे, तर मिठाने. लाटांचे तुषार खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतात, उन्हाने पाणी उडून जाते, मागे मिठाचे स्फटिक राहतात आणि वाढताना ते खडकाचा कण न्‌ कण आतून ढकलून सुटा करतात. एकदा खळगा पडला की त्यात ओल आणि मीठ जास्त वेळ टिकते, म्हणून तो आणखी खोल जातो. ती जाळी हातांनी मोडू नये, तिच्यावर नावे कोरू नयेत. काही ठिकाणी बदाम आणि अक्षरे कोरलेली पाहून मला खरोखर दुःख झाले. समुद्राने ज्या पातळ भिंती अजून राखल्या आहेत, त्या आपल्या किल्लीच्या टोकाने दोन मिनिटांत नाहीशा होतात.

प्रदक्षिणा अनवाणी करावी अशी आईची इच्छा होती आणि घळ उतरेपर्यंत ती अनवाणीच चालली. कातळावर मात्र प्रश्न आला, कारण भरती-ओहोटीच्या पट्ट्यात खडकाला कालवे चिकटलेली असतात आणि त्यांच्या कवचांची धार पात्यासारखी असते. मी पिशवीत तिच्या मागे पट्टा असलेल्या चपला घेतल्या होत्या. थोडा वेळ ती पाय जपून टाकत राहिली, मग स्वतःच म्हणाली, "दे त्या. देवाला माझे पाय रक्ताळलेले नको असणार." श्रद्धेचा भाग प्रत्येकाचा आहे आणि त्यात मी बोलू नये, पण इथे पकड असलेले पादत्राण जवळ ठेवावे एवढे मी आग्रहाने सांगेन. रबरी सपाता मात्र नकोत. ओल्या शेवाळावर त्या पायातून निसटतात.

कातळातल्या खळग्यांत ओहोटीने मागे ठेवलेले पाणी होते. अशा एका खळग्यापाशी आई खाली बसली आणि मग पंधरा मिनिटे उठली नाही. परातीएवढाच तो खळगा. पाणी इतके नितळ की तळाचा प्रत्येक खडा दिसत होता. आधी काहीच हलत नव्हते. मग एक शंख चालू लागला. शंखातून लाल-तपकिरी पाय बाहेर आले होते, कारण आत गोगलगाय नव्हती, तर रिकाम्या शंखात घर केलेला खेकडा होता. त्याच्या मागून बोटभर लांबीचा, खडकाच्याच रंगाचा मासा एका कपारीतून दुसऱ्या कपारीत गेला. कडेला एक तपकिरी फूल उमललेले होते. माझी सावली पडली तसे ते मिटले. ते समुद्रफूल, म्हणजे प्राणीच. आई म्हणाली, "पाणी परत येईपर्यंत यांनी एवढ्यात भागवायचं." तिच्या बोलण्यात सगळे आले. उन्हाने खळग्यातले पाणी तापते, आटते, खारटपणा वाढतो आणि तरीही भरतीपर्यंत तग धरणारे जीवच या पट्ट्यात राहू शकतात. म्हणूनच अशा खळग्यात निर्माल्य, फुलांचे हार, नारळाच्या शेंड्या किंवा बिस्किटांचे कागद टाकू नयेत. समुद्रात टाकले ते वाहून जाईल असे आपल्याला वाटते; इथे ते दोन भरत्यांमध्ये त्याच परातीएवढ्या पाण्यात कुजत राहते.

पुढे वाटेवर विष्णुपद आणि इतर तीर्थे येतात. आईने प्रत्येक ठिकाणी नमस्कार केला. या जागांवर पाण्यापर्यंत उतरण्याचा मोह होतो, आणि इथे होणारे अपघात बहुतेक अशाच वेळी होतात. दरवर्षी कोणी ना कोणी लाटेबरोबर ओढले जाते, तरी धोक्याच्या फलकाला टेकून फोटो काढणारे मी पाहिले आहेत. लाटा सारख्या आकाराच्या येत नाहीत. वेगवेगळ्या लांबीच्या लाटा एकमेकींत मिसळत असल्यामुळे कधी त्या एकमेकींना मारतात आणि कधी जोडीने चढतात, त्यामुळे पाच-दहा मिनिटे शांत गेल्यावर अचानक दोन-तीन मोठ्या लाटा लागोपाठ येतात. कातळावर आपटून परतणारे पाणी गुडघ्याएवढे असले तरी उभ्या माणसाचे पाय काढून घेते आणि खाली पकडायला शेवाळाशिवाय काही नसते. म्हणून मी एक खूण धरून चालते. कातळ जिथपर्यंत ओला आणि चकचकीत आहे तिथपर्यंत नुकतीच लाट येऊन गेलेली आहे, तेव्हा कोरड्या, राखाडी खडकावरूनच चालायचे. समुद्राकडे पाठ करायची नाही. हिरव्या आणि काळ्या गुळगुळीत थरावर पाय द्यायचा नाही. मुले बरोबर असतील तर त्यांना कड्याच्या बाजूला ठेवायचे.

नऊ वाजून गेले तेव्हा आम्ही शेवटचे धोंडे ओलांडून पुळणीवर आलो. पायाखाली वाळू आल्यावर आईने चपला काढून हातात घेतल्या. पुळणीवर तोवर उंट, घोडागाडी आणि माणसे जमू लागली होती. त्यातल्या फारच थोड्यांना ठाऊक असेल की त्या टोकाच्या कड्यापलीकडे एवढे सगळे उघडे पडलेले आहे आणि आणखी तासाभरात ते पुन्हा झाकू लागेल. इथे पोहायला उतरण्याबाबतही सावध राहावे, कारण नदीचे मुख जवळ असले की ओहोटीच्या पाण्याला समुद्राकडची ओढ असते. आम्ही पाण्याच्या कडेने देवळापर्यंत गेलो आणि रीतीप्रमाणे पुन्हा काळभैरवापुढे उभे राहिलो.

बाहेर ते काका त्याच जागी बसले होते. त्यांनी मला ओळखले नाही, ओळखण्याचे कारणही नव्हते. मी त्यांच्याकडून नारळ घेतला आणि आज खाली जाऊन आलो, असे सांगितले. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाले, "चतुर्थी. बरोबर वेळेला गेलात."

आईचा उपास होता, तिने दूध आणि केळी घेतली, मी जेवले, आणि एक वाजता तिच्याच आग्रहाने आम्ही पुन्हा माथ्यापर्यंत चढलो. तिला तो खळगा पाहायचा होता. घळीच्या तोंडाशी वरच थांबून आम्ही खाली वाकून पाहिले. पाणी पूर्ण चढायला अजून दोन तास होते, तरी सकाळचा रुंद कातळ कुठेच दिसत नव्हता. पायऱ्यांच्या शेवटी पांढरा फेस येत होता आणि जात होता. तेवढ्यात मागून चार-पाच तरुण मुले बोलत बोलत वर आली आणि खाली जाण्यासाठी आमच्या बाजूने वाट काढू लागली. आई पायरीवरून हलली नाही.

"बाळांनो, आज चतुर्थी आहे," ती म्हणाली. "पाणी तीनपर्यंत चढणार. बसा इथे, सांगते कसं मोजायचं ते."